पट्टा बांधला म्हणजे पाठ सांभाळली?

वजन उचलणाऱ्या खेळाडूच्या कमरेला रुंद चामडी पट्टा दिसतो आणि पाहणाऱ्याची समजूत होते, की हा पट्टा पाठीला सांभाळतो. आजकाल गल्लोगल्ली जिम निघाल्या आहेत. तिथे व्यायाम सुरू करून महिना होत नाही तोच तरुण मुले पट्टा विकत आणतात, आल्याबरोबर बांधतात आणि घरी जातानाच सोडतात. कंबर कसण्याचा उत्साह चांगलाच. पण पट्ट्याचे काम नेमके काय, हे ठाऊक नसेल तर फायदा राहतो बाजूला आणि पाठीचे दुखणे मागे लागते.

काम पोटाचे

जड वजन उचलण्याआधी माणूस खोल श्वास घेऊन रोखतो आणि पोटाचे स्नायू आवळतो. त्यामुळे पोटातला दाब वाढतो व हवा भरलेल्या टायरसारखा धडाचा मधला भाग ताठ होतो. कण्याला खरा आधार मिळतो तो या ताठरपणाचा. पट्टा पोटाभोवती भिंतीसारखा उभा राहतो. पोट त्या भिंतीवर जोराने दाबले, की आतला दाब आणखी वाढतो. म्हणजे पोटाने जोर लावला तरच पट्ट्याचा उपयोग. नुसता करकचून बांधला तर त्रासच.

अमेरिकेत दुकानांतून माल उचलणाऱ्या नऊ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. कामावर पाठीचा पट्टा बांधल्याने पाठदुखी किंवा दुखापती कमी झाल्याचे तीत आढळले नाही. ते पट्टे व्यायामाच्या पट्ट्यापेक्षा मऊ असतात, हे खरे. पण दिवसभर पट्टा बांधून पाठ वाचत नाही, एवढा बोध त्यातून घ्यायला हरकत नाही.

केव्हा आणि कसा?

खांद्यावर वजन घेऊन बैठका, जमिनीवरून वजन उचलणे म्हणजे डेडलिफ्ट, उभ्याने डोक्यावर वजन नेणे या व्यायामांत पट्टा कामाचा. तोही जड वजनालाच. ज्याला एका वेळी जास्तीत जास्त १०० किलो उचलता येतात, त्याने साधारण ८० किलोंच्या पुढे तो बांधावा. दंडाच्या व्यायामाला त्याची गरज नाही. नवशिक्याने पहिले काही महिने पट्ट्याविना, हलक्या वजनावर पाठ सरळ ठेवण्याची आणि श्वास रोखण्याची सवय करावी.

पट्टा बरगड्यांच्या खाली आणि कमरेच्या हाडांच्या वर बसावा. पोटभर श्वास घेता येईल इतपतच तो आवळावा. मग पोट पुढे, बाजूंना आणि मागे असे चहूकडून पट्ट्यावर दाबावे. सेट संपला की तो लगेच सैल करावा. पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत १० सेंटिमीटरपेक्षा रुंद पट्टा चालत नाही. व्यायामालाही त्याहून रुंद नको. ठेंगण्या बांध्याच्या व्यक्तीला रुंद पट्टा बरगड्यांना टोचतो. तिने अरुंद पट्टा घ्यावा.

कोणी जपावे?

श्वास रोखून जोर लावताना रक्तदाब एकदम चढतो. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी, गर्भवतींनी आणि नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. पाठ दुखत असताना पट्टा आवळून वजन उचलणे तर दुखण्यावर पांघरूण घालण्यासारखेच.

खरा धोका असतो तो खोट्या भरवशाचा. पट्टा बांधला, की आणखी दहा किलो चढवण्याचा मोह होतो. अशा वेळी सोबत्याला बाजूने पाहायला सांगावे. पाठीला बाक येताना दिसला, तर पट्टा आणखी आवळू नये, वजन उतरवावे.