एकदम दोन्ही द्या ना!

परवा काकांचा फोन आला. त्यांच्या मेव्हण्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर, तिसरी स्टेज, ऑपरेशन शक्य नाही. डॉक्टर म्हणतायत आधी केमो आणि रेडिएशन, ते झाल्यावर इम्युनोथेरपी. काका भडकलेले. "पैसे भरायला तयार आहोत ना आम्ही? मग एकदम दोन्ही द्या ना! वाट कसली बघायची?"

फोनवर मला नीट भांडता आलं नाही, म्हणून इथे भांडतोय.

आपलं गणित ठरलेलं आहे. जास्त औषध म्हणजे चांगलं, लवकर म्हणजे त्याहून चांगलं, आणि थांबा म्हणणारा डॉक्टर म्हणजे अडाणी नाहीतर लबाड. सर्दी-खोकल्यात हे खपतं. इथे नाही.

२०१७ साली 'पॅसिफिक' चाचणीचे निष्कर्ष आले. ७१३ रुग्ण, सगळ्यांचं केमो-रेडिएशन पूर्ण झालेलं. काहींना त्यानंतर वर्षभर ड्युर्वालुमॅब दिलं, बाकीच्यांना नाही. पाच वर्षांनी औषधवाल्यांपैकी ४२.९ टक्के हयात होते, इतरांपैकी ३३.४ टक्के. म्हणजे रेडिएशन आणि इम्युनोथेरपीची जोडी जमते, हे अगदी खरं. पण काका, जोडी म्हणजे एकाच वेळी नव्हे!

कारण एकाच वेळी देऊनही बघितलंय. 'पॅसिफिक-२' मध्ये ३२८ रुग्ण होते, इम्युनोथेरपी रेडिएशनबरोबरच सुरू केली. २०२४ मध्ये निष्कर्ष मांडले गेले : ठोस फायदा नाही. उलट त्रासामुळे चारातल्या एकाला औषध थांबवावं लागलं, दुसऱ्या गटात आठातल्या एकाला. (मान्य, पहिल्या चाचणीत केमो-रेडिएशन निभावलेलेच रुग्ण होते, त्यामुळे थेट तुलना नको.) पण निवोलुमॅब रेडिएशनबरोबर देऊन बघितलं, तेही जुन्या क्रमाला मागे टाकू शकलं नाही.

असं का? एक तर्क असा : कॅन्सरशी लढणाऱ्या आपल्याच लिंफोसाइट पेशी रेडिएशनला फार नाजूक असतात. इम्युनोथेरपी त्यांचा ब्रेक सोडते. पण ज्या फौजेला पुढे धाडायचं, तिच्यावरच रोज मारा चालू असेल तर ब्रेक सोडून काय उपयोग? शिवाय दोन्ही उपचारांनी फुफ्फुसाला सूज येऊ शकते, ती वेगळीच.

भांडायचंच असेल तर दुसरीकडे भांडा. ईजीएफआर जनुकाची तपासणी झाली का, हे विचारा. आपल्याकडे हा बदल पाश्चात्त्यांपेक्षा जास्त आढळतो. तो असेल तर इम्युनोथेरपीचा फारसा उपयोग होत नाही. अशा रुग्णांना केमो-रेडिएशननंतर ओसिमर्टिनिबची गोळी दिल्यावर आजार आटोक्यात राहण्याचा काळ ५.६ वरून ३९.१ महिन्यांवर गेला (२०२४ची 'लॉरा' चाचणी). आणि आधी इम्युनोथेरपी देऊन मग ही गोळी दिली तर फुफ्फुसाला धोका वाढतो. इथेही पुन्हा क्रमच!

दुसरं भांडण पैशांचं. 'पॅसिफिक'मध्ये रेडिएशन संपल्यापासून सहा आठवड्यांच्या आत औषध सुरू केलं होतं. तेव्हा वर्षभराच्या खर्चाची जुळवाजुळव रेडिएशन चालू असतानाच करा. नंतर धावपळ केली तर जी वाट बघावी लागेल, ती मात्र खरोखरच उगाच असेल.

असो. काका, हे वाचलंत तर रात्री फोन करा. रिपोर्ट समोर ठेवूनच बोलू.