हार नको, वही आणा!
(द्वितीय वर्ष, कला)

थोर माणसांचा सन्मान करण्याची आपली एक ठरीव पद्धत आहे. तसबिरीला हार, दोन भाषणे, अध्यक्षांचा समारोप आणि चहा! पुढल्या वर्षापर्यंत मग तो थोर पुरुषही मोकळा आणि आपणही मोकळे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या बाबतीत आपण धुळेकरांनी तरी एवढ्यावर थांबू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

राजवाडे जन्माने कोकणातले, शिक्षणाने पुण्याचे. पण ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांनी देह ठेवला तो आपल्या धुळ्यात. त्यांची कागदपत्रे सांभाळण्यासाठी १९२७ मध्ये येथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. या माणसाने आयुष्यभर केले काय? गावोगाव पायपीट केली, वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे सोडवली, वाळवीच्या तोंडचे मोडी कागद वाचले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे त्याचे बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात त्यांचाच पुढाकार होता. बी. ए. झालेला हा विद्वान हट्टाने मराठीतच लिहीत राहिला. साधनांवाचून इतिहास नाही, हा धडा त्यांनी महाराष्ट्राला दिला.

पण येथे माझ्यासारख्याच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. ज्यांच्या घरी दप्तरच नाही, त्यांचा इतिहास कोठे शोधायचा? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. वडील आजही अंगठा उठवतात. घरातल्या पत्र्याच्या पेटीत सातबाराचा उतारा, सोसायटीचे पासबुक आणि माझ्या गुणपत्रिका, एवढेच काय ते कागद. म्हणजे आम्हांला वारसाच नाही, असे समजायचे काय?

तसे मुळीच नाही! श्रावणात कानबाई बसते तेव्हा माझी आजी रात्र रात्र अहिराणी गाणी म्हणते. तिला अक्षरओळख नाही, पण गाणे अडत नाही. हेच आमचे दप्तर. फरक इतकाच, की वाड्यातला कागद माळ्यावर शंभर वर्षे पडून राहू शकतो. आजीचे दप्तर आजीबरोबरच जाणार आहे.

कोणी म्हणेल, बायकांची गाणी म्हणजे काही इतिहास नव्हे. पण राजवाडे तर शब्दांच्या धातूंत आणि गावांच्या नावांतही इतिहास हुडकत होते! शिवाय खानदेशाजवळ याचे ठळक उदाहरण आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. शेतात, जात्यावर त्या गात राहिल्या. घरच्यांनी ती गाणी वेळीच कागदावर उतरवून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली पुस्तक निघाले. आज आपल्या विद्यापीठालाच त्यांचे नाव आहे. त्या घरात लिहिणारा हात नसता तर? अशा किती बहिणाबाई नुसत्या गाऊन गेल्या असतील, याचा हिशेब कोण देणार?

म्हणून मित्रमैत्रिणींनो, माझी सूचना साधी आहे. यंदा राजवाड्यांच्या पुण्यतिथीला हाराऐवजी प्रत्येकाने एक वही आणावी. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा आजीजवळ, मावशीजवळ बसा. एक गाणे, एक म्हण, शिवारातल्या एका नाल्याचे जुने नाव, जे मिळेल ते जसेच्या तसे उतरवा. अहिराणी ‘शुद्ध’ करत बसू नका. खाली सांगणाराचे नाव, गाव आणि तारीख लिहायला मात्र विसरू नका. आणि कोणाच्या घरी मोडी कागद असेलच, तर तो रद्दीत घालण्यापूर्वी संशोधन मंडळात नेऊन दाखवा.

मोबाइलमध्ये आवाज भरून घेतला तरी चालेल, पण तेवढ्यावर भागत नाही. अवघड शब्दाचा अर्थ आजीलाच विचारायला हवा, आणि तोही आजच.

राजवाड्यांनी वाड्यांची दारे ठोठावली. धाब्याच्या घरांची, झोपड्यांची दारे ठोठावणे राहून गेले आहे. ते काम आता त्या घरांतून कॉलेजात आलेल्या आपणच करायचे आहे. दुसरे कोण करणार?