समजून घ्या : पुरात भात गेले, तर पहिली मदत गावातूनच का यायला हवी?

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि वाशिष्ठीच्या पुरात महाड, चिपळूण बुडाले. चर्चा बाजारपेठांच्या नुकसानीची झाली. पण जुलै हा कोकणात भातलावणीचाही महिना. खाचरात पाणी साचून राहिले की रोप कुजते किंवा गाळाखाली जाते. तेव्हा शेतकऱ्याला पैशांच्या आधी रोपे लागतात.

सरकारी मदत कधी मिळते?

केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार, ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झाल्यास जिरायती पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये मिळतात. त्याआधी पंचनामा, यादी आणि मंजुरी. पीकविम्याचीही मर्यादा आहे. २०२५च्या खरिपात राज्यात भरपाई पीक कापणी प्रयोगातील सरासरी उत्पादनावर ठरवण्यात आली. म्हणजे मंडळातील पीक बरे आणि एकाचेच खाचर वाहून गेले, तर त्या हंगामात त्याच्या हाती काही लागत नव्हते.

मग गावातील संस्था काय करू शकते?

विविध कार्यकारी सोसायटी, शेतकरी उत्पादक कंपनी, महिला बचत गट यांना चार कामे सहज जमण्यासारखी आहेत.

• रोपे : नव्याने बी पेरून रोप तयार व्हायला साधारण तीन आठवडे जातात. उंचावरच्या जागेत सामूहिक रोपवाटिका आधीच केली असेल, तर हा वेळ वाचतो. चटई रोपवाटिकेत पंधरा दिवसांतही रोप मिळते.

• बियाणे : उशिरा लावणीसाठी लवकर तयार होणारे हळवे वाण लागते. ते ऐनवेळी दुकानात मिळेलच असे नाही. गावात राखीव साठा हवा.

• कापणी : परतीच्या पावसात कापलेले भात भिजले की दाण्याला कोंब फुटतात. मळणी यंत्र, ताडपत्री सामायिक असतील, तर दोन कोरड्या दिवसांतही बरेच भात वाचते. शासकीय खरेदीत १७ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे.

• कागदपत्रे : कोकणात एका सातबारावर अनेक नावे आणि त्यातले निम्मे मुंबईत, ही नेहमीची अडचण. संमतीपत्रे, ई-पीक पाहणीची नोंद आणि नुकसानीचे फोटो यांची तयारी संस्थेने पावसाआधीच करून घेतली, तर पंचनामा अडत नाही.

यात नवे काही नाही. २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘निक्रा’ या केंद्रीय प्रकल्पात निवडक गावांमध्ये बियाणे बँक आणि अवजारे भाड्याने देणारी केंद्रे उभी राहिली.

अडते कुठे?

अनेक सोसायट्यांचे काम कर्जवाटप आणि वसुलीपुरते उरले आहे. उत्पादक कंपन्यांकडे भांडवल कमी. शिवाय सातबारावर नाव नसलेला वाटेकरी संस्थेच्या यादीतही नसतो. खरे तर सर्वात आधी तोच कोलमडतो.

म्हणूनच या संस्थांना फक्त ‘सहकार्य करा’ असे पत्र पाठवून भागणार नाही. तालुक्याच्या आपत्ती आराखड्यात त्यांचे नाव, काम आणि निधी लिहिलेला हवा, आणि तो मे महिन्यातच हाती पडायला हवा. भरपाईने झालेले नुकसान थोडेफार भरून निघते. हंगाम वाचवायचा तर रोप वेळेत मिळाले पाहिजे, आणि ते गावातच तयार असावे लागते.