मोठ्या रुग्णालयापर्यंत न पोहोचलेले रुग्ण

हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग, म्हणजे इन्फेक्टिव्ह एन्डोकार्डायटिस, हा विरळा आजार आहे. वर्षाला लाख लोकसंख्येमागे साधारण 3 ते 10 रुग्ण. विरळा असल्यामुळेच त्याचा अभ्यास रुग्ण जिथे एकवटतात तिथे, म्हणजे हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयांत होतो. अभ्यासाच्या या सोयीतून येणारी रेफरल-अभिनती, म्हणजे कोणते रुग्ण पुढे पाठवले जातात यामुळे पडणारा कल, निष्कर्षांत मुरून बसते, आणि पुढे ती वेगळी काढणे बहुधा शक्य होत नाही.

मोठ्या रुग्णालयापर्यंतची वाट दोन्ही टोकांचे रुग्ण गाळते. ज्याचा स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग पेनिसिलिनने आटोक्यात येतो आहे, त्याला गावातला फिजिशियन पुढे पाठवतच नाही. दुसऱ्या टोकाला, स्टॅफिलोकोकस ऑरियसमुळे काही दिवसांतच दगावलेला रुग्ण पोहोचत नाही. आणि डायलिसिसवरचे ऐंशीचे आजोबाही नाहीत, कारण त्यांच्यावर शस्त्रक्रिया करायची नाही हे घरच्यांनी आणि डॉक्टरांनी आधीच ठरवलेले असते. पोहोचतो तो मधला: झडप गळू लागलेली, हृदय थकत चाललेले, पण प्रवास आणि भूल दोन्ही सोसेल असा. अशा रुग्णांच्या नोंदींवरून ‘या आजारात जवळपास निम्म्यांना शस्त्रक्रिया लागते’ असे कोणी लिहिले, तर त्या विधानात आजाराच्या स्वभावाबरोबर रुग्ण पाठवण्याची रीतही मोजली गेलेली असते, आणि कोणाचा वाटा किती हे त्या नोंदींतून कळत नाही.

हे तत्त्व नवे नाही. भरती होण्याची शक्यता ज्या घटकांवर अवलंबून असते, त्यांच्यात लोकसंख्येत नसलेला संबंधही रुग्णालयाच्या नोंदींत दिसू शकतो, हे मेयो क्लिनिकचे संख्याशास्त्रज्ञ जोसेफ बर्कसन यांनी 1946 मध्येच दाखवले होते. याच संस्थेतून 1990 मध्ये एन्डोकार्डायटिसवर एक तुलना प्रसिद्ध झाली. मेयो ज्या ऑल्मस्टेड काउंटीत आहे, तिथल्या रहिवाशांच्या बहुतेक सर्व वैद्यकीय नोंदी एकमेकींशी जोडलेल्या असल्याने, स्थानिक रुग्ण आणि बाहेरून पाठवलेले रुग्ण वेगळे काढता आले. दोन्ही गटांतून दिसणारे आजाराचे चित्र सारखे नव्हते. आजार एकच, रुग्णालयही एकच. फरक होता तो रुग्ण कोणत्या वाटेने आला याचा.

यावर सहसा दिले जाणारे उत्तर म्हणजे मोठा नमुना. 2000 ते 2005 या काळात 25 देशांतल्या 58 रुग्णालयांनी मिळून 2781 प्रौढ रुग्णांची नोंद केली. त्यांपैकी सुमारे 48 टक्क्यांवर शस्त्रक्रिया झाली आणि सुमारे 18 टक्के रुग्णालयातच दगावले. हे काम मोलाचे आहे, त्याबद्दल दुमत नको. पण नमुना वाढला की यादृच्छिक चूक घटते, पद्धतशीर चूक तशीच राहते; रुग्ण येण्याची वाट जर बहुतेक ठिकाणी एकाच प्रकारची असेल, तर 58 केंद्रांची बेरीज त्याच अभिनतीला अधिक अचूक दशांशांत मांडते. सांख्यिकीय समायोजनही फक्त नोंदलेल्या गोष्टींचे करता येते. शिवाय दहाव्या दिवशी दाखल झालेला रुग्ण पहिले नऊ दिवस जगलेला असतो, हे तारखा पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. शस्त्रक्रिया झालेल्यांची न झालेल्यांशी तुलना करताना शस्त्रक्रियेपर्यंतचे असे जगलेले दिवस हिशेबाबाहेर राहिले, तर शस्त्रक्रियेच्या पदरी फुकटचे यश पडते.

लोकसंख्येवर आधारित पाहणीत चित्र किती बदलते, याचा अंदाज फ्रान्समधून येतो. तिथे 2008 मध्ये सात प्रदेशांतल्या सर्व प्रौढ रहिवाशांना धरून झालेल्या पाहणीत दहा लाखांमागे सुमारे 34 रुग्ण आढळले. सर्वाधिक प्रमाण होते पंचाहत्तरी ओलांडलेल्या पुरुषांत, आणि बहुसंख्य रुग्णांना आधीचा हृदयविकार असल्याचे माहीतच नव्हते. झडपेचा जुना विकार माहीत असलेला रुग्ण तापाची तक्रार घेऊन आला, तर डॉक्टर एन्डोकार्डायटिसची शंका घेतो. जिथे शंकाच येत नाही तिथे निदानही नाही आणि रेफरलही नाही.

आपल्याकडे अशी लोकसंख्याधारित नोंद जवळजवळ नाहीच. केईएमसारख्या रुग्णालयात जिल्ह्यातून येणारा रुग्ण अनेकदा वाटेत दोन-तीन अँटिबायोटिक घेऊन आलेला असतो. ब्लड कल्चरमध्ये मग काहीच वाढत नाही. हे निगेटिव्ह कल्चर जंतूंविषयी जितके सांगते, तितकेच आधीच्या दवाखान्यांविषयी. तसेच भारतीय रुग्णालयांतून प्रसिद्ध होणाऱ्या रुग्णमालिकांत संधिवाती हृदयविकाराचे प्रमाण मोठे दिसते. ते खरेही असेल, पण असा रुग्ण आधीच हृदयरोग विभागाच्या फाइलीत असतो, हे वजा केल्याशिवाय प्रमाण ठरवता येत नाही.

अधिक काळजीची बाब म्हणजे हे चक्र स्वतःलाच पोसते. केंद्रांच्या अनुभवातून मार्गदर्शक तत्त्वे ठरतात, त्यांनुसार कोणाला पाठवायचे ते ठरते, आणि पाठवलेल्यांतून पुढचा पुरावा तयार होतो. अशाच नोंदींवर बेतलेली जोखीम-गुणांकने जिल्हा रुग्णालयातल्या रुग्णाला लावली, तर ती कोणत्या बाजूला चुकतील हेही आधी सांगता येत नाही. आणि ती चूक पकडण्यासाठी ज्यांच्या नोंदी हव्यात, ते रुग्ण घरी मेलेले असतात, किंवा निदानाविनाच बरे होऊन शेतावर गेलेले असतात.