प्रवासातील ओझे

नाणेघाटाच्या माथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांच्या मालावर तेथे कर पडे. आजच्या प्रवाशाला ओझ्याची किंमत लेण्याद्रीच्या सुमारे ३०० पायऱ्यांवर कळते. श्रावणात मंचरला ऊन असावे आणि त्याच दुपारी भीमाशंकरला धुके नि झड, हे जुन्नर-आंबेगावात नेहमीचेच. तरीही मुक्कामागणिक निराळा पोशाख नको. लवकर वाळणारे दोन जोड, रेनकोट आणि पातळ स्वेटर एवढे पुरे; छत्री घाटातल्या वाऱ्यापुढे टिकत नाही. खरा भार असतो तो फराळाच्या डब्यांचा! सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्यांची खाकरे व भाजक्या पोह्यांवर सहज सोय होते. पाणी मुक्कामीच उकळून घ्यावे. लेण्याद्रीला मात्र खाऊची पिशवी गाडीतच ठेवावी. माकडे ती हातातून हिसकावतात.