‘अहो’चा अभिमान कशासाठी?

हबीबगंज स्थानकाला नोव्हेंबर २०२१ मध्ये राणी कमलापतीचे नाव मिळाले. तरी रिक्षावाल्याला आम्ही आजही ‘हबीबगंज’ असेच सांगतो. जिभेवर बसलेले नाव अधिसूचनेने उतरत नाही, हे अधिसूचना काढण्यात हयात घालविलेल्या आम्ही तरी मान्य केले पाहिजे. ‘हबीब’ या अरबी शब्दाचा अर्थ प्रिय, लाडका. ‘मुहब्बत’ आणि ‘महबूब’ हे त्याच धातूचे शब्द. म्हणजे ज्या वस्तीत आमचा संसार झाला, तिच्या नावातच प्रियाला घातलेली साद आहे. आमच्या मराठी घरांतून मात्र तशी साद क्वचितच ऐकू आली.

हे आठवावयास कारण घडले ते यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे. एका ज्येष्ठ सभासदांनी तक्रार मांडली की, नव्या सुना नवऱ्याला ‘अरे’ म्हणतात; एवढ्यावर न थांबता ‘बाबू’, ‘शोना’, ‘हबी’ म्हणतात; ‘अहो’ गेला आणि त्याबरोबर आपली संस्कृतीही गेली. सभागृहाने माना डोलावल्या. आमची मान हलली नाही. ती का हलली नाही, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

‘अहो’ हे नाव नव्हे, विशेषणही नव्हे. ते केवळ लक्ष वेधणारे अव्यय आहे. पोस्टमनलाही लागू पडते आणि भाजीवाल्यालाही. त्याच्या आधीच्या पिढीत तर तेवढेही नव्हते. ‘इकडून येणं कधी होणार?’, ‘स्वारी जेवली का?’ अशी वाक्ये आमच्या आजीच्या तोंडी असत. नवरा म्हणजे कोणी माणूस नव्हे, एक दिशा! रमाबाई रानड्यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत न्यायमूर्तींचा उल्लेख ‘स्वतः’ असा केला. १९३८ मध्ये त्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद निघाला, त्याला नावही ‘हिमसेल्फ’ असेच दिले गेले. पुढे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये सरळ ‘टिळक’ असे लिहिले, तेव्हा एक मोठी पायरी ओलांडली गेली.

रमाबाईंच्या त्या ‘स्वतः’त जिव्हाळा नव्हता, असे कोण म्हणेल? परंतु तो जिव्हाळा त्या माउलीचा होता, शब्दाचा नव्हे. नाव न घेण्याच्या या वळणाची किंमत कोणी मोजली, तेही पाहावे. स्वतंत्र भारताच्या १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदार याद्यांतून वगळावी लागली. कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढीच ओळख नोंदविली होती. यांतील बहुतेक ज्या राज्यांतील होत्या, त्यांत आमचा ग्वाल्हेर-इंदूरचा मध्य भारतही होता. नवऱ्याचे नाव घ्यावयाचे नाही आणि स्वतःचे उरलेले नाही! आमच्याकडे तर लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहून मुलीचे माहेरचे नावही पुसले जाई. जिने आपले नाव उच्चारू नये, तिचे नाव आपण बदलावे, याला संस्कृती म्हणावयाचे काय?

बरे, हे वळण तरी अनादि आहे काय? गाथासप्तशतीतील नायिका प्रियकराला ‘सुहअ’, म्हणजे सुभग, अशी मोकळेपणाने हाक मारते. जनाबाई तर साक्षात विठ्ठलाशी एकेरीत बोलते, भांडते. देवाला ‘अरे’ चालते आणि नवऱ्याला मात्र ‘अहो’च हवे! लावणीत ‘राया’, ‘सख्या’, ‘साजणा’ या शब्दांची रेलचेल आहे. म्हणजे मराठीत शब्दांचे दारिद्र्य नव्हते. आम्हीच ते शब्द फडावर कोंडून ठेवले आणि घरातल्या स्त्रीच्या वाट्याला अव्यय दिले.

आता आमच्या घरचे. काही वर्षांपूर्वी पत्नीला शहरातील एका रुग्णालयात न्यावे लागले. भरतीच्या खिडकीवर ‘पति का नाम?’ असा प्रश्न आला. पदवीधर बाई, पस्तीस वर्षांचा संसार; वेदनेने कळवळत असतानाही तिने आमच्याकडे फक्त बोट दाखविले. आमचे नाव आम्हीच सांगितले. त्या रात्री बाहेरच्या बाकावर बसून हिशेब मांडला, तेव्हा ध्यानात आले की आम्हीही तिला नावाने हाक मारली नव्हती. ‘अगं’वरच सारे भागविले होते. तिच्या मौनाला निदान रूढीचा आधार होता. आमच्या मौनाला कसला होता?

राहता राहिले ‘बाबू’ आणि ‘शोना’. त्यांवर आमचा आक्षेप आहे, पण तो निराळा आहे. ‘शोना’ म्हणजे बंगालीतले सोने. आमच्या घरांतून पोराला ‘सोन्या’, ‘राजा’ म्हणणाऱ्या आया पिढ्यान्‌पिढ्या होत्या. तोच शब्द नवऱ्यासाठी उच्चारण्याची मुभा त्यांना आम्ही दिली नाही. मग सुनांनी तो बंगालमार्गे, हिंदी मालिकांतून आणला, तर दोष कोणाचा? १९५६ साली राजधानी भोपाळला आली, तेव्हा नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथून आलेल्या आपल्या वाडवडिलांनी पोथ्या आणल्या, देव आणले, पाटा-वरवंटा आणला. प्रेमाची बोली मात्र आणली नाही. जी भाषा प्रेमाच्या कामी येत नाही, ती नातवंडे केवळ श्राद्धापुरती वापरतील. सभासदांनी चिंता करावयाची तर याची करावी.

म्हणून आमची एक सूचना आहे. पुढील संक्रांतीला उखाण्यांच्या कार्यक्रमात आधी पुरुषांनी पत्नीचे नाव घ्यावे. लग्नात एकदा घेऊन आपण जन्मभराची सुटका करून घेतली आहे. आणि सुना घरात काय म्हणतात, याची चौकशी मंडळाने करू नये.

हा लेख पत्नीला वाचून दाखविला आणि तिनेही आम्हांला नावाने हाक मारावी, असे सुचविले. ती हसली आणि म्हणाली, “अहो, आता या वयात?” आम्ही आग्रह धरला नाही. परंतु तिला मात्र आम्ही आता नावानेच हाक मारतो. आणि तेही तिच्या माहेरच्या नावाने.