शेवटचे वाक्य खोडावे काय?

गेल्या महिन्यात यवतमाळहून माहूरकडे जात असता आर्णीस एका स्नेह्यांच्या घरी आमचा मुक्काम झाला. अरुणावतीच्या काठचे हे तालुक्याचे गाव. भोवती कपाशीची शेते. आमचे स्नेही तेथील एका शाळेत मराठी शिकवितात. रात्रीची जेवणे आटोपल्यावर त्यांनी दहावीच्या निबंधवह्यांचा गठ्ठा आमच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "आता तुम्हीच निवाडा करा."

हकीकत अशी. ज्यांस इंग्रजीत डिस्टोपिया म्हणतात, त्या जातीच्या कथांचा परिचय करून देऊन गुरुजींनी मुलांस तशीच एक गोष्ट लिहावयास सांगितले होते. वह्या आल्या, तो जवळजवळ प्रत्येकीचा शेवट एकच : तेवढ्यात आईने हाक मारली, जाग आली, आणि हे सारे स्वप्न होते असे कळून हायसे वाटले! गुरुजींनी सर्व वह्यांतील हे वाक्य तांबड्या शाईने खोडले व गोष्ट पुन्हा लिहावयास लावली. दुसऱ्याच दिवशी एक पालक दारात उभे. "घरी काय दुःख कमी आहे, म्हणून शाळेत आणखी शिकविता?" वहिनींचे मतही पालकांच्याच बाजूचे पडले.

ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. यवतमाळ जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर झाले आहे. तेथील मुलांपुढे काळोख मांडताना शिक्षकाने दहादा विचार केला पाहिजे. तथापि या कथा केवळ दुःखाच्या आहेत, हा समजच मुळी आम्हांस चुकीचा वाटतो. दुष्काळ पडला, पूर आला, गाव ओस पडले, तर ती आपत्ती झाली. डिस्टोपियात बहुधा काहीच बिघडलेले नसते. सर्व योजिल्याबरहुकूम चाललेले असते. कोणा एकाचे रामराज्य अवतरलेले असते आणि त्याखाली इतरेजन भरडले जात असतात. आल्डस हक्सले याच्या १९३२ सालच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' या कादंबरीतील प्रजा तर चांगली सुखी आहे. मन उदास झाले की एक गोळी घ्यावी, की झाले! त्या गोळीस त्याने 'सोमा' हे नाव दिले, तेही आपल्या वेदांतील सोमावरून. आमच्या वैदिक मित्रांस हे कितपत रुचेल, कोण जाणे.

तेव्हा विद्यार्थ्यास 'यात काय वाईट घडले?' असे न विचारता 'हे सारे कोणाच्या सोयीसाठी?' असे विचारावे, आणि उत्तरास गोष्टीतलाच आधार मागावा. 'लेखकाने प्रभावी चित्रण केले आहे' हे गाइडातील वाक्य आधार म्हणून मुळीच चालू देऊ नये. ते कोणत्याही पुस्तकास लागू पडते.

आपल्या शाळांतून 'सूर्य संपावर गेला तर', 'परीक्षा नसत्या तर' असे निबंध पिढ्यान्‌पिढ्या लिहिले जात आहेत. त्यांतील 'तर' हेच या कथांचे बीज होय. परंतु त्या 'तर'पाशी मुलांस आपण फार वेळ थांबू देत नाही. चार परिच्छेद घाबरवितो आणि पाचव्यात सुखरूप घरी आणून सोडतो. गुरुजींचा राग यावरच होता, व तो रास्तच होता. मात्र एकाच शाईने सर्वांचे एकच वाक्य खोडणे आम्हांस पसंत पडले नाही. ऑर्वेलच्या पुस्तकातील सरकारी कचेरीत नेमके हेच काम चालते, असे आम्ही म्हणताच वहिनी हसल्या. गुरुजी हसले नाहीत.

ऑर्वेल हा जन्माने आपल्याकडचाच. १९०३ साली बिहारातील मोतिहारी येथे तो जन्मला, वडील सरकारच्या अफू खात्यात नोकरीस. त्याच्या १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतील राज्यात कोशकार दरवर्षी भाषेतून शब्द काढून टाकीत असतात. हेतू हा की, बंडाला शब्दच उरला नाही म्हणजे बंडाचा विचारही उरणार नाही. गुरुजींनी वर्गात सांगितलेला एवढा भाग एका मुलीने बरोबर उचलला होता.

तिची वही आम्ही दोनदा वाचली. तिच्या गोष्टीतील गावात 'विष' हा शब्द कोशातून काढून टाकला आहे. 'औषध' तेवढे शिल्लक. फवारणी करताना माणूस पडला की दवाखान्याच्या वहीत 'औषधाने मेला' असे लिहावे लागते. आणि औषधाने कोणी मरत नाही, म्हणून वरचा अधिकारी ती नोंद रद्द करतो. अशा रीतीने त्या गावात कोणीच मरत नाही. वाचकहो, पिकावर फवारावयाच्या विषास वऱ्हाडात खरोखरच औषध म्हणतात. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर ते फवारताना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. मुलीने दूरचा ग्रह शोधला नाही. रोजच्या तोंडचा एक शब्द उचलला आणि तो कोणाच्या सोयीचा आहे हे दाखविले. जे घरात आहे त्यास तिला नाव सापडले. आमच्या मते पालकांच्या प्रश्नास याहून दुसरे उत्तर नाही.

खोडलेले वाक्य तिने दुसऱ्या खेपेसही ठेवले होते. आई हाक मारते, मुलगी जागी होते. आई म्हणते, "ऊठ, औषध आणायला जायचंय."

गोष्ट वर्गात वाचून दाखवावी, पण आपले नाव सांगू नये, अशी तिची अट होती. ती मान्य करावी, असे आम्ही सुचविले. जयंत नारळीकरांनीही १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस कथा धाडली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, आणि तिला पारितोषिक मिळाले. गुण द्यावयाचे मात्र राहिले होते. आम्ही दहापैकी आठ म्हणालो. वहिनींनी वही आपल्याकडे ओढून घेतली, पुन्हा शेवटचे पान वाचले आणि नऊ म्हणाल्या.